खालच्या कातळाची मोजणी

भात घरात आलं की माणसं शांत होतात. माझं उलट आहे. उत्रोलीच्या खाचरांत कापणी सुरू झाली, पेंढ्याने भरलेले टेम्पो रस्त्याने झुलत जायला लागले, की माझं डोकं तापायला लागतं. घरचे म्हणतात, हिला दिवाळीचा फराळ बाधतो. बाधत काही नाही. मला दरवर्षी या दिवसांत एक समुद्र आठवतो आणि त्या समुद्राच्या काठी कागदावर लिहिलेली चाळीस शून्यं आठवतात. भाताचा आणि समुद्राचा संबंध काय, असं कुणी विचारलं तर मी सगळं पहिल्यापासून सांगायला बसते. म्हणून आता कुणी विचारत नाही.

यंदाही मळणी झाली. आता झोडणीचा दगड गेला, यंत्र आलं. शेणाने सारवलेलं खळं गेलं, निळी ताडपत्री आली. भाऊ पोती इलेक्ट्रिक काट्यावर चढवतो आणि आकडा मोबाईलवर टिपून ठेवतो. कुसळं मात्र तीच आहेत, मानेत शिरतात आणि संध्याकाळपर्यंत खाज सोडत नाहीत. वासही तोच, ओल्या पेंढ्याचा आणि इंद्रायणी भाताचा मिसळलेला. काटा सुरू करायच्या आधी हिराकाकू पुढे येतात. हिराकाकू म्हणजे माझी चुलती. हातात जुनी लोखंडी पायली, तिला एका बाजूला पोचा आलेला. राशीत ती बुडवतात, काठोकाठ भरतात आणि वेगळ्या टोपलीत ओततात. मग भावाला मान हलवून सांगतात, आता घे.

पहिल्या मापाला ‘एक’ म्हणायचं नाही, ‘लाभ’ म्हणायचं, हे आमच्याकडे पुष्कळ घरांत आहे. आमच्या घरात त्याच्याही पुढची रीत आहे. काकूंनी ती वेल्ह्याकडच्या डोंगरातल्या माहेराहून आणली. पहिलं माप गावदेवीचं. ते टोपलीत बाजूला काढायचं आणि मोजणीत धरायचं नाही. आपलं जे काही आहे ते त्याच्या पुढच्या मापापासून सुरू होतं. मी लहानपणापासून हे बघत आले. इतकं बघितलं की दिसेनासं झालं, आणि माझी चूक नेमकी तिथेच झाली.

त्या वर्षी मी भोरच्या कॉलेजातून प्राणिशास्त्राची पदवी घेऊन घरात बसले होते. लग्नाची स्थळं येत होती आणि मी ती परतवत होते. तेवढ्यात कोकणातल्या एका किनाऱ्यावरचं तात्पुरतं काम मिळालं. समुद्राचा एक पट्टा संरक्षित करायचं ठरलं होतं. तसं करायच्या आधी तिथं आज काय काय जगतंय याची पहिली नोंद घ्यावी लागते. किती खेकडे, किती शंखगोगलगायी, किती प्रवाळ, कोणत्या खडकावर. पुढे दहा वर्षांनी कुणी विचारलं की इथलं जिवंत काही वाढलं की घटलं, तर या पहिल्या नोंदीशी ताडून बघायचं. तिला पायाभूत नोंद म्हणतात. घराचं जोतं असतं तसं. जोतं वाकडं बसलं तर वरच्या भिंतींना शिव्या देऊन काय होणार?

किनाऱ्यावरच्या बायका या कामाला यायला तयार नव्हत्या. त्यांचं म्हणणं सरळ होतं. आज मोजायला येतात, उद्या बंदी आणतात, परवा आम्ही कालवं काढायला गेलो की शिट्ट्या मारतात. त्यांना कुणी पटेल असं उत्तर दिलं नाही, कारण ते कुणाकडेच नव्हतं. मग प्रकल्पाच्या सरांनी मला विचारलं की दिवसभर वाकून, न कंटाळता, बारकाईने मोजणारं कुणी माझ्या ओळखीचं आहे का. मी म्हटलं, आहे.

हिराकाकू चौथी शिकलेल्या. अक्षर गिचमीड, पण आकडे सुबक काढतात. तांदळातला खडा त्यांना सूप हातात घ्यायच्या आधी दिसतो. भातलावणीत सकाळी वाकल्या की दुपारच्या भाकरीलाच सरळ होतात. समुद्र त्यांनी एकदा पाहिला होता, बचत गटाच्या सहलीत. त्याबद्दल त्यांचं मत विशेष चांगलं नव्हतं. इतकं पाणी आणि एक घोट प्यायच्या कामाचा नाही, असं त्या म्हणत. तरी आल्या. भात घरात आलं होतं, वाल पेरून झाले होते, आणि काकूंना रिकामं बसणं सोसत नाही.

वरंध घाटातून एसटी उतरताना त्यांनी खिडकीची दांडी एकदाही सोडली नाही. महाडला उतरून दुसरी गाडी धरली. सोबत चपात्या, लसणाची चटणी आणि भोरच्या बाजारातून घेतलेले रबरी बूट. खडकावरच्या कालवांच्या शिंपल्यांच्या कडा ब्लेडसारख्या लागतात म्हणून मी ते आग्रहाने घ्यायला लावले होते. बूट पायात घालून काकू पहिल्यांदा कातळावर उभ्या राहिल्या, इकडेतिकडे बघितलं आणि म्हणाल्या की हे तर उन्हाळ्यातलं खाचर आहे, भेगा पडलेलं, फक्त कुणीतरी पाणी सोडून गेलंय.

कामाची पद्धत अशी होती. प्लॅस्टिकच्या नळीची एक चौकोनी चौकट, साधारण हातभर लांब आणि हातभर रुंद. कातळावर रंगाने खुणा करून ठेवलेल्या, प्रत्येक खुणेला क्रमांक. ओहोटी लागली की खुणेवर चौकट ठेवायची आणि आत जे जिवंत दिसेल ते जातवार मोजून कागदाच्या रकान्यांत आकडे लिहायचे. पाण्यात न भिजणारे जाड कागद आणि पेन्सिल. वरच्या अंगाचा कातळ माझ्याकडे, खालच्या अंगाचा काकूंकडे. खालच्या कातळावर चाळीस चौकटी होत्या. महिन्यातून थोडेच दिवस तिथलं पाणी पुरतं हटायचं, अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास. सरांच्या मोबाईलवर भरती-ओहोटीचं वेळापत्रक होतं. काकूंना तिथ्या तोंडपाठ. दोघांचा मेळ बसत होता.

पहिल्या दिवशी गंमत झाली. काकू चौकट ठेवून मोजायच्या आणि मग मागे सरकायच्या. भातलावणीत आपण मागे मागेच जातो, लावलेली रोपं पायाखाली येऊ नयेत म्हणून. इथे मागे सरकलं की न मोजलेलं पायाखाली यायचं. दुपारपर्यंत ते त्यांच्या स्वतःच्याच लक्षात आलं. दुसऱ्या दिवसापासून त्या पुढे तोंड करून चालायला लागल्या, पाय टेकवायच्या आधी खाली बघून. पुढच्या सबंध हंगामात त्यांच्या बुटाखाली एक गोगलगाय आली असेल तर शपथ. हे मी अभिमानाने सांगते, कारण शिकलेली माणसं त्याच कातळावर कशी चालत होती तेही मी पाहिलं आहे.

त्या हंगामाचं काय काय आठवतं सांगू? उजाडतानाच्या ओहोटीतला थंड, मचूळ वास. डबक्यात बोट घातलं की मिटून जाणारी समुद्रफुलं. ओठावर सुकलेलं मीठ. पाठीवर ऊन चढत जातं आणि पाण्याखालचे हात गारठलेलेच राहतात, ते एक विचित्र सुख. आणि प्रवाळ. मी पुस्तकात रंगीत झाडांसारखी प्रवाळं पाहिली होती. इथली मुठीएवढी, तपकिरी-हिरवट, खडकाला चिकटलेली. काकू त्यांना पोळं म्हणायच्या, कारण जवळून बघितलं तर मधाच्या पोळ्यासारखी घरं दिसतात आणि प्रत्येक घरात कुणीतरी राहत असतं. मला ते नाव प्रवाळापेक्षा आवडलं. माझ्या वरच्या कातळावर अधूनमधून पोळं सापडायचं. खालच्या कातळाच्या कागदांवर त्या रकान्यात मात्र दर वेळी शून्य. मी संध्याकाळी ते कागद माझ्या वहीत उतरवून घ्यायची आणि मनात म्हणायची, असेल, खालच्या अंगाला लाटांचा मार जास्त आहे.

खालच्या कातळावर एक कोळीण यायची, यशोदाबाई. कोयत्याने कालवं फोडायची आणि आमच्याकडे पाठ करून बसायची. महिन्याभराने ती काकूंशी बोलायला लागली, माझ्याशी नाही. ती लहान असताना या कातळावर पाय टेकवायला जागा नसायची, जिथं तिथं पोळीच पोळी, असं तिने काकूंना सांगितलं. मी ते सरांना सांगितलं. सर म्हणाले, आठवण ही नोंद होत नाही. मला राग आला होता, पण तेव्हा मी तो गिळला. नोकरी नवी होती.

आणि मग शेवटचा आठवडा आला. माझ्या भागाचं काम आधी संपलं म्हणून मी काकूंकडे गेले. त्या बत्तिसाव्या चौकटीवर वाकल्या होत्या. चौकटीच्या कोपऱ्यात, टीचभर पाण्याखाली, एक छान जिवंत पोळं होतं. मी खूश झाले. चला, खालच्या कातळावर एक तरी निघालं. काकूंनी त्याला बोट न लावता नीट बघून घेतलं, हात कपाळाला लावला आणि कागदावर पोळ्याच्या रकान्यात शून्य लिहिलं.

“काकू, हे काय मग?” मी बोट दाखवून विचारलं.

“ते पयलं न्हवं का,” काकू म्हणाल्या. “पयलं कुठं मोजायचं आसतं?”

मी तिथेच ओल्या खडकावर बसले. मग एकेक उलगडत गेलं. हे पीक काही आपण पेरलेलं नाही, दर्याचं आहे, तेव्हा प्रत्येक चौकटीतलं पहिलं ते दर्याचं, असा त्यांचा हिशोब होता. खेकड्यांतला पहिला, गोगलगायींतली पहिली, पोळ्यातलं पहिलं, सगळी त्यांनी बाजूला काढली होती आणि मोजणी पुढच्यापासून सुरू केली होती. गोगलगायी चौकटीत शंभर असल्या तर एक कमी लिहिल्याने आभाळ कोसळत नाही. पण पोळं एका चौकटीत असतंच मुळी एक. नाहीतर नसतंच. दोन महिने दर ओहोटीला त्यांचा हात कपाळाला लागताना मी बघत होते. देवभोळ्या आहेत, एवढंच मला वाटलं होतं. ज्या खळ्यावर मी वाढले तीच रीत माझ्यासमोर कातळावर चालली होती आणि मला, पदवीधर बाईला, ती ओळखता आली नाही.

आम्ही तशाच सरांच्या खोलीत गेलो. सर वाईट माणूस नव्हते, हे मला सांगितलंच पाहिजे. थकलेले होते. अहवालाची तारीख डोक्यावर होती. त्यांनी सगळं ऐकलं आणि हसले. म्हणाले, सोपं आहे, खालच्या कातळाच्या प्रत्येक आकड्यात एक मिळवून टाका. मी म्हटलं, तसं होत नाही. काही चौकटींत खरंच काही नव्हतं, तिथेही काकूंनी शून्यच लिहिलं आहे. त्या शून्यात एक मिळवला तर नसलेलं पोळं जन्माला येईल. कागदावर दोन्ही शून्यं सारखीच दिसतात. कोणतं खरं आणि कोणतं देवाचं, ते टेबलावर बसून कळणार नाही. पुन्हा जाऊन बघावं लागेल.

सर म्हणाले, आता वेळ नाही आणि पैसेही संपले. मग राहू देत शून्यं. संरक्षित पट्ट्याची रेष तशीही वरच्या कातळापर्यंतच आखायचा विचार आहे. खालच्या अंगाला बोटींसाठी सिमेंटचा धक्का बांधायचं चाललंय, तिथं काही नाही असं दिसलं तर सगळ्यांनाच सोयीचं. “शून्याने कुणाचं काही बिघडत नाही,” ते म्हणाले.

इथे मी एक गोष्ट केली जी मला आजही टोचते. मी भांबावले होते, आणि काकूंना सांभाळून घ्यावं म्हणून की स्वतःला, कोण जाणे, मी म्हणाले की सर, त्यांना माहीत नव्हतं हो, गावाकडच्या आहेत, अडाणी आहेत. काकू माझ्या शेजारी उभ्या होत्या. त्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. सरांकडे बघून, एरवी म्हशीची किंमत सांगावी तितक्या सपाट आवाजात म्हणाल्या, “सायेब, माप चुकलं तर आमी पुन्यांदा मोजतो. चूक माजी हाय, कातळाची न्हाई.”

 आणि मला माझी लाज वाटली, इतकी की तिचं पुढे रागात रूपांतर झालं. तो राग गेला नाही. तो मी जपून ठेवला आहे, कारण माझ्यात जे काही बरं आहे ते त्याच्यातून आलं असं मला वाटतं. मी सरांना सांगितलं की खालच्या कातळाच्या कागदांवर मी सही करणार नाही. चाळीस चौकटी पुन्हा मोजून होईपर्यंत नाही. नोकरी तशीही त्या आठवड्यात संपणार होती, तेव्हा यात फार मोठं शौर्य नव्हतं. 

शून्याने कुणाचं बिघडत नाही म्हणे. मी यावर इतकी वर्षं विचार केला आहे. पायाभूत नोंदीत एखाद्या जिवापुढे शून्य लिहिलं की तो जीव तिथं कधी नव्हताच. आणि जो नव्हताच तो मरू शकत नाही. त्याच्यावर सिमेंट ओता, तेल सांडा, काहीही करा, नोंद स्वच्छ राहते. मारण्याची याहून सोपी रीत मी पाहिली नाही. यात हत्यार लागत नाही, रकाना पुरतो. काकूंनी शून्य लिहिलं ते देणाऱ्याचं देणाऱ्याला ठेवावं म्हणून. सर तेच शून्य ठेवायला निघाले होते ते घेणाऱ्याला सोपं जावं म्हणून. कागदावर दोन्ही सारखी दिसतात, आणि मला संताप येतो तो याचा.

काकूंच्या माहेरी, वेल्ह्याच्या वरच्या अंगाला, एक देवराई आहे. मी लहानपणी तिथं गेले आहे. तिला कुंपण नाही, पाटी नाही. आतली वाळकी काटकीसुद्धा कुणी चुलीला आणत नाही. तिथं किती झाडं आहेत असं मी एकदा विचारलं तर काकूंच्या भावाने कानाला हात लावला. देवाचं मोजायचं नसतं. हे ऐकायला फार सुंदर आहे आणि मी शाळेत मुलांना ते सांगतेही. पण त्याच्या जोडीला आणखी एक गोष्ट सांगते. त्या राईची खालची कड रस्ता रुंद करताना गेली. किती झाडं गेली, कोणती गेली, कुणालाच सांगता आलं नाही, कारण कुणी मोजलीच नव्हती. भरपाई मागायला गेलो तर काय मागणार? जोवर आपल्यासमोर उभा असलेला माणूस देवाला भितो तोवर न मोजणं ठीक आहे. तो भ्यायचा थांबला की मोजून ठेवावं लागतं. काकूंना हे मी सांगायची गरज पडली नाही. परतीच्या एसटीत, घाट चढताना, त्या आपणहून म्हणाल्या की देवाचा वाटा बाजूला काढायचा हे खरं, पण तो किती काढला हे सांगता यायला पाहिजे, नाहीतर देवाच्या नावावर कुणीही उचलून नेईल.

घरी येऊन आम्ही दिनदर्शिका बघितली. महाशिवरात्र आणि तिच्या दुसऱ्या दिवशीची अमावास्या, त्या दोन दिवसांत खालचा कातळ पुरता उघडा पडणार होता. आम्ही आमच्या खर्चाने पुन्हा गेलो. प्रकल्पाची खोली बंद झाली होती. चौकट नव्हती, ती भावाने भोरहून आणलेल्या नळीची केली. कॅमेरा नव्हता, माझ्या मोबाईलच्या फोटोंत पाण्यावरची चकाकी तेवढी आली. राहायला जागा यशोदाबाईने दिली. का दिली हे तिने सांगितलं नाही, फक्त पहिल्या दिवशी आमच्या पुढे चालत गेली आणि कोणत्या खडकावर शेवाळ घसरडं आहे ते काठीने दाखवत राहिली.

काकूंचा शिवरात्रीचा उपास. कनवटीला खजूर बांधून त्या चौकटीवर वाकायच्या. पोळं दिसलं की हात कपाळाला लागायचा, तो लागूच दे. मग त्या मोठ्याने “एक” म्हणायच्या.  पन्नास वर्षांत त्यांनी पहिल्या मापाला एक म्हटलं नव्हतं. मी मान खाली घालून आकडा लिहिला आणि डोळे पुसले ते मीठ गेल्यासारखं करून. या खेपेला फक्त पोळीच मोजायची होती, म्हणून दोन दिवसांत चाळीस चौकटी झाल्या. एकोणीस चौकटींत पोळं होतं. एकवीस चौकटींत खरोखरच शून्य होतं, आणि ते शून्य लिहिताना मला तितकंच समाधान वाटलं.

सही न केलेले जुने कागद माझ्याकडेच राहिले होते, त्यांवर मी नव्याने आकडे घातले. शून्यावर एक आडवी रेघ, शेजारी एकचा आकडा, खाली तारीख, आमच्या दोघींच्या सह्या. पाठीमागे काय चूक झाली, कशी झाली आणि यशोदाबाईला काय आठवतं तेही लिहिलं. सहीवाचून अहवाल अडला होता; मी कागद घेऊन गेले तेव्हा सरांनी नवे कोरे कागद पुढे केले. पायाभूत अहवालात खाडाखोड बरी दिसत नाही, स्वच्छ प्रत कर, असं त्यांचं म्हणणं. मी नकार दिला. चूक झाली होती, ती दिसली पाहिजे. चूक लपवलेला कागद आणि खोटा कागद यांत फार अंतर नसतं. सरांनी उसासा टाकला आणि ते कागद जसेच्या तसे परिशिष्टात जोडले. पुढे रेष खालच्या कातळाच्या पलीकडून गेली. धक्का दुसरीकडे सरकला. आमच्यामुळे असं मी म्हणणार नाही. पण आमच्या एकोणिसांवर पाय देऊन कुणाला जाता आलं नाही, एवढं म्हणेन.

मी आता भोरच्या एका शाळेत विज्ञान शिकवते. मुलांना घेऊन आंबवड्याच्या ओढ्यावर जाते आणि नळीची चौकट टाकून खेकड्यांची भोकं मोजायला लावते. पालक म्हणतात, याने परीक्षेत काय मिळणार. मी म्हणते, काही नाही.

आणि यंदा, मळणीच्याच दिवशी, भाऊ तिसरं पोतं काट्यावर चढवत असताना माझा फोन वाजला. अनोळखी नंबर. एक मुलगी होती, आवाजावरून वीस-बावीस वर्षांची. त्या किनाऱ्याची पुन्हा मोजणी चाललीय, इतक्या वर्षांनी, जुन्या चौकटींवरच. परिशिष्टातल्या कागदावर माझं नाव बघून कुठून तरी नंबर मिळवला म्हणाली. ती अडखळत बोलत होती. खालच्या कातळावर तुम्ही एकोणीस लिहिलीत, आम्हाला बारा मिळाली. सात चौकटींत काहीच नाही. तिने त्यांचे क्रमांक वाचून दाखवले. आमच्या वरिष्ठांचं म्हणणं आहे की तुमच्या कागदांवर खाडाखोड आहे, आधी शून्यच लिहिलेलं आहे, तेव्हा मूळ शून्यच धरावं. म्हणजे त्या सात जागी तेव्हाही काही नव्हतं, असं होईल. घट दिसणार नाही. मॅडम, तुमची चूक तर नव्हती ना, तेवढं विचारायचं होतं.

 सात गेली होती. मी कुसळांच्या राशीशेजारी उभी होते आणि मला त्या सातही जागा आठवत होत्या, एकीच्या शेजारी खडकाला भोक होतं, एकीवर खेकडा बसलेला होता. मला रडू येत होतं आणि कुणाचा तरी गळा धरावासा वाटत होता.  काकूंनी माझ्याकडे बघितलं, काय झालं विचारलं, मी दोन वाक्यांत सांगितलं. त्यांनी पायली खाली ठेवली, हात लुगड्याला पुसला आणि फोन माझ्या हातातून घेतला.

“बाय, म्या हिरा बोलती, उत्रोलीवरनं,” त्या म्हणाल्या. “ती शून्यं माजी हायती आन् ती खोडली बी म्याच. न्हवतं आसं लिवू नगंस. व्हतं. म्या माज्या डोळ्यांनी बगून एक म्हनलंय. आता न्हाई, आसं लिव्ह. आन् मधी काय झालं ते इचार त्येंना.”

भावाने काटा थांबवला होता. पलीकडे वाऱ्याचा आवाज येत होता, ती मुलगी कातळावरूनच बोलत असावी.  मग म्हणाली, “आजी, जरा सावकाश सांगा. लिहून घेते.”